दहा मिनिटांची घाई नक्की कुणाला आहे?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. उद्या सबमिशन. जर्नलची चार पानं उरलीत आणि पेन संपलंय. शेजारच्या खोलीचं दार वाजवलं तर पेन मिळेल, पण त्यापेक्षा मोबाइल उघडणं सोपं. एक पेन कार्टमध्ये टाकलं, डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून चिप्सचं पाकीट टाकलं, वर एक कोल्ड कॉफी. दहाव्या-बाराव्या मिनिटाला गेटवरून फोन. त्याच वेळी त्याच मजल्यावरच्या तिघांनी मॅगी, चार्जिंगची केबल आणि आइस्क्रीम मागवलेलं असतं. चार ऑर्डरी, चार रायडर, चार गाड्या, चार पिशव्या. निघाले एकाच डार्क स्टोअरमधून आणि पोहोचले एकाच गेटपाशी.

दोस्तांनो, यात कुणी गुन्हा केला असं आम्हाला म्हणायचं नाही. ऑनलाइन खरेदीवर नाकं मुरडणारे लेख तुम्ही भरपूर वाचलेत. 'आमच्या वेळी आम्ही लक्ष्मी रोडवर पायी जायचो' हा सूरही घरात ऐकलाय. आज तो लावायचा नाही. उलट सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करू या, म्हणजे पुढचं बोलणं प्रामाणिकपणे होईल: ऑनलाइन मागवणं म्हणजे दरवेळी पर्यावरणाची वाट लावणं नव्हे.

हिशेब ढोबळ आहे, पण तुम्हीही मांडू शकता. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बाइक लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर किलोमीटरमागे सुमारे ५० ग्रॅम. कार लिटरला १५ देत असेल तर किलोमीटरमागे दीडशे ग्रॅम. आता समजा, तुमच्या घरचे एक कुर्ता आणायला कार काढून आठ किलोमीटरवरच्या मॉलमध्ये गेले. जाऊन-येऊन १६ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच किलो कार्बन. तोच कुर्ता कुरिअरच्या डिझेल टेम्पोतून आला. टेम्पो दिवसभरात ५० किलोमीटर फिरला, लिटरला १५ किलोमीटर गेला, तर त्याचा दिवसाचा धूर साधारण नऊ किलो. पण त्याच फेरीत त्याने शंभर पार्सलं वाटली. तुमच्या कुर्त्याच्या वाट्याला आले ९० ग्रॅम. गोदामापासून शहरापर्यंतचा प्रवास वेगळा, तो मॉलमधल्या कुर्त्यालाही होताच. शेवटच्या टप्प्यापुरतं बोलायचं तर टेम्पोने कारला सहज हरवलं.

आता रात्रीच्या त्या पेनाकडे या. डार्क स्टोअर दोन किलोमीटरवर. रायडर आला, परत गेला, चार किलोमीटर झाले. एका पेनासाठी २०० ग्रॅम. टेम्पोतून आलेल्या कुर्त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. आणि खाली कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात चालत गेला असतात तर त्या फेरीचा धूर शून्य.

म्हणजे भांडण ऑनलाइन विरुद्ध दुकान असं नाहीच. एका फेरीत किती वस्तू पोहोचतात आणि ती फेरी कशावर बसून होते, एवढाच प्रश्न आहे. रायडरने त्याच फेरीत हॉस्टेलच्या चारही ऑर्डरी आणल्या असत्या तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० ग्रॅम आले असते. ते होत नाही, कारण चार ऑर्डरी एकत्र करायच्या तर कुणाला तरी पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. आणि थांबायचं नाही, हीच तर ॲपवाल्यांनी आपल्याला विकलेली वस्तू आहे. पेन हे निमित्त.

हे फार जुनं नाही, बरं का. ग्रोफर्सचं नाव बदलून ब्लिंकिट झालं ते २०२१च्या डिसेंबरमध्ये. स्टॅनफर्ड सोडून आलेल्या दोन तरुणांनी मुंबईत झेप्टो सुरू केली तीही २०२१ सालीच. त्याआधी वर्षभर स्विगीने इन्स्टामार्ट आणलं होतं. म्हणजे २०२१च्या आधी 'दहा मिनिटांत' हा शब्दप्रयोग किराण्याच्या बाबतीत जवळपास नव्हताच. तेव्हाही दूध यायचं, मॅगी खायला मिळायची, सबमिशनं व्हायची. इतक्या कमी वर्षांत लागलेली सवय इतकी पक्की झाली की आता डिलिव्हरीला पंचवीस मिनिटं दाखवली तर आपण वैतागून दुसरं ॲप उघडतो.

जागतिक आर्थिक मंचाने जानेवारी २०२०मध्ये शहरांतल्या डिलिव्हरीवर एक अहवाल काढला होता. काहीच बदललं नाही तर २०३०पर्यंत जगातल्या शंभर मोठ्या शहरांत डिलिव्हरीच्या गाड्या ३६ टक्क्यांनी वाढतील, त्यांचा धूर ३२ टक्क्यांनी वाढेल आणि प्रत्येकाच्या रोजच्या प्रवासात सरासरी ११ मिनिटांची भर पडेल, असा त्यातला अंदाज. म्हणजे दहा मिनिटांत वस्तू मिळवायच्या नादात आपण रस्त्यावर अकरा मिनिटं जास्त अडकणार! हा अहवाल आला तेव्हा आपल्याकडे क्विक कॉमर्सची लाट यायची होती, हेही ध्यानात घ्या.

आता एक गंमत बघा. शेवटच्या टप्प्याचं हे कोडं सोडवायला जगभर मोठमोठ्या कंपन्या पैसा ओततायत, आणि त्याचं एक उत्तर मुंबईत १८९० सालापासून रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचतंय. डबेवाले. कोविडच्या आधी साधारण पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवत होते. हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी केली म्हणून आपण छाती फुगवतो, व्हॉट्सॲपवर फॉरवर्डही करतो. पण त्यांच्या पद्धतीतलं मर्म मात्र सोडून देतो.

बघा ना, डबेवाला एका डब्यासाठी घरून ऑफिसला जात नाही. तो आपल्या भागातले तीस-चाळीस डबे गोळा करतो, स्टेशनवर आणतो. तिथे झाकणांवरच्या खुणा बघून डबे उतरण्याच्या स्टेशनाप्रमाणे वेगळे होतात. लांबचा पल्ला लोकलने, जी तशीही धावतच असते. पुढे सायकल, हातगाडी नाहीतर डोक्यावरचा लाकडी ट्रे. म्हणजे लांबच्या अंतरासाठी सगळ्यात स्वस्त आणि कमी धुराचं वाहन, जवळच्या अंतरासाठी पाय. आणि दुसरी गोष्ट त्याहून भारी: डबा परत जातो. त्याच दिवशी, त्याच घरी, घासून उद्या पुन्हा वापरायला. पॅकिंगचा कचरा शून्य. आज ज्याला परिषदांमध्ये 'रियुजेबल पॅकेजिंग' आणि 'रिव्हर्स लॉजिस्टिक्स' म्हणतात, ते आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या डब्यात रोज घरी परत येतंय.

हे जमतं कशामुळे? डबा दहा मिनिटांत यावा असं कुणी म्हणत नाही. सगळ्यांना तो एक वाजता हवा असतो. वेळ आधीच ठरलेली असली की फेऱ्या जुळवता येतात. सकाळी दूध टाकणारा, पेपर टाकणारा याच हिशेबावर चालतात. तुम्ही हे पान कागदावर वाचत असाल, तर ते तुमच्यापर्यंत आणणाऱ्या लाइन बॉयने एकाच सायकल फेरीत तुमची अख्खी सोसायटी उरकलीय. कुणा एकासाठी स्वतंत्र पेपर घेऊन तो डेपोवरून निघाला नव्हता.

मग ॲपवाल्यांना हे कळत नाही का? कळतं. फेऱ्या एकत्र केल्या तर त्यांचेही पैसे वाचतात, म्हणून जमेल तिथे ते दोन ऑर्डरी एका रायडरला देतातच. पण स्पर्धा वेगाची लागलीय, आणि जो आधी थांबेल त्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती सगळ्यांनाच आहे. त्यामुळे 'घाई नाही, सावकाश पाठवा' हे बटण एक तर नसतं, असलं तर तीन स्क्रीन खाली दडलेलं असतं.

त्या बटणाची ताकद कमी समजू नका. एमआयटीच्या संशोधकांनी मेक्सिकोतल्या एका मोठ्या दुकान-साखळीबरोबर एक प्रयोग केला होता. ऑर्डर देताना गिऱ्हाइकाला सांगायचं, की तुम्ही काही दिवस थांबलात तर धूर इतका कमी होईल. निम्म्याहून जास्त लोक थांबायला तयार झाले. आपल्याकडचं उदाहरण आणखी जवळचं आहे. झोमॅटोवर पूर्वी जेवणाबरोबर प्लास्टिकचे चमचे-काटे आपोआप यायचे, नको असतील तर तसं सांगावं लागायचं. २०२१मध्ये त्यांनी ते उलटं केलं: हवे असतील तरच मागा. कुणाचं काही अडलं नाही. लोक वाईट नसतात हो, फक्त स्क्रीनवर जे आधीच टिक केलेलं असतं ते बदलायचा कंटाळा करतात. म्हणून टिक कुठे आहे याला महत्त्व आहे. सावकाश डिलिव्हरी हाच आधीपासून निवडलेला पर्याय असावा आणि दहा मिनिटांचा पर्याय वर चार पैसे मोजून घ्यावा लागावा, अशी आमची सरळ मागणी आहे. औषध हवंय, बाळाचं दूध संपलंय, तो देईल की जास्तीचे पैसे. चिप्सला कसली आलीय इमर्जन्सी?

आता पिशवी आणि खोका. यावर सगळ्यांचा राग असतो, कारण तो कचरा डोळ्यांना दिसतो. लिपस्टिकसाठी बूट मावेल एवढा खोका, त्यात हवेच्या उशा, वर वीतभर चिकटपट्टी. अशा फोटोंची रील तुम्ही पाहिलीच असेल. पण या कचऱ्यातही फरक आहे, आणि तो भंगारवाल्याला आपल्यापेक्षा बरा कळतो. कोरडा, स्वच्छ पुठ्ठा ही कमाई आहे. त्याला किलोवर भाव मिळतो आणि त्यातून पुन्हा पुठ्ठा बनतो. तोच पुठ्ठा आमटीच्या उरलेल्या डब्याबरोबर बादलीत गेला की संपला, त्याची किंमत शून्य. कुरिअरची प्लास्टिकची पिशवी तत्त्वतः पुन्हा वापरात येऊ शकते, पण ती इतकी हलकी असते की किलोभर व्हायला पन्नास-शंभर पिशव्या वेचाव्या लागतात. त्यावर लेबल, गोंद आणि टेप. कचरा वेचणाऱ्या बाईने तेवढा वेळ कशासाठी घालवायचा? आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे बाहेरून कागद, आतून बबल रॅप चिकटवलेला लिफाफा. दिसायला इको-फ्रेंडली, प्रत्यक्षात त्याचा कागदही होत नाही आणि प्लास्टिकही.

पुण्यात हा कचरा हाताळतं कोण, हे माहीत असायला हवं. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८पासून तिचे सभासद महापालिकेबरोबरच्या करारानुसार घरोघरी कचरा गोळा करू लागले. त्यात बहुसंख्य बायका आहेत. सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जातं ते त्यांच्या उत्पन्नाचा भाग. म्हणजे तुमचा खोका तुम्ही उघडून, सपाट करून, कोरडा ठेवला की त्याचा फायदा थेट एका घराला होतो. टेप सोलून काढली तर त्याहून उत्तम. एवढं करायला लागतो एक मिनिट, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ काढायला लागतो त्याच्या दहावा हिस्सा.

पॅकिंगच्या बाबतीत कंपन्या हललेल्या नाहीत असं नाही. ॲमेझॉन इंडियाने २०२०मध्ये आणि फ्लिपकार्टने २०२१मध्ये आपापल्या गोदामांतल्या पॅकिंगमधून एकदाच वापरायचं प्लास्टिक काढल्याचं जाहीर केलं. काही वस्तू आता मूळ कंपनीच्या खोक्यातच, वर दुसरा खोका न चढवता येतात. पण गोदामाबाहेरून, स्वतःच पॅकिंग करून माल पाठवणारे हजारो छोटे विक्रेते याच ॲपवर असतात, त्यांच्याकडून येणारी पिशवी बघा. आणि हा बदल कंपन्यांना मध्यरात्री साक्षात्कार होऊन झाला असंही समजू नका. या कंपन्यांच्या प्लास्टिक पॅकिंगविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे जो अर्ज गेला होता, तो केला होता सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने. लवादाने त्या प्रकरणात २०२०मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला पर्यावरणीय तपासणी करायला आणि नियम मोडणाऱ्यांकडून भरपाई वसूल करायला सांगितलं. पुढे २०२२मध्ये प्लास्टिक पॅकिंगबाबत उत्पादकांच्या जबाबदारीचे नियम अधिक तपशिलात आले: जितकं प्लास्टिक बाजारात आणता, त्याची विल्हेवाट लावायची जबाबदारीही तुमची. सोळा वर्षांचा मुलगा. आपण त्या वयात काय करत होतो, हा प्रश्न विचारायचा मोह आवरतो.

परत पाठवलेल्या मालाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. एम आणि एल दोन्ही मागवायचे, घालून बघायचे, एक परत. फेस्टला घालायचा ड्रेस टॅग न काढता घालायचा आणि सोमवारी रिटर्न. हे 'स्मार्ट' वाटतं खरं, पण त्या ड्रेसने दोन वेळा शहर पार केलं, दोन वेळा पॅक झाला आणि पुन्हा विकला जाईलच याची खात्री नाही. त्यात आपल्याकडचं खास दुखणं म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. पार्सल दारात आलं की 'आता नको' किंवा फोनच उचलायचा नाही. कुरिअरच्या धंद्यात अशा परत जाणाऱ्या मालाला 'आरटीओ' म्हणतात. गाडीच्या कागदपत्रांशी त्याचा संबंध नाही, 'जिथून आलं तिथे परत' असा त्याचा अर्थ. रायडर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा, मग पार्सल आल्या वाटेने माघारी जातं. धूर तिप्पट झाला आणि वस्तू कुणीच वापरली नाही. लेक्चरला असाल तर वॉचमन काकांकडे ठेवायला सांगा, शेजारच्यांचा नंबर द्या. डिलिव्हरीतला धूर कमी करायचा याहून स्वस्त उपाय आम्हाला तरी माहीत नाही.

हे सगळं बोलताना एक माणूस विसरून चालणार नाही. तोच तुमच्या गेटवर हेल्मेट घालून उभा असतो. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार २०२०-२१मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३०पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज होता. यातले कितीतरी तुमच्याच वयाचे. काही तर तुमच्याच वर्गात बसतात, संध्याकाळी सात ते अकरा बॅग पाठीला लावतात. त्यांना ऑर्डरमागे पैसे मिळतात आणि पेट्रोल बहुतेकदा स्वतःच्या खिशातून जातं. म्हणजे आपण ज्याला उत्सर्जन म्हणतो, ते त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचा खर्च आहे. सिग्नलला टेम्पोच्या नळकांड्यामागे तोच उभा असतो, रोज आठ-दहा तास. त्यामुळे 'ऑर्डरीच बंद करा' असा सल्ला देणं सोपं असलं तरी आम्ही तो देणार नाही. त्याच्या हाताला काम हवंच. प्रश्न हा की त्याने चार वेळा चार पिशव्या आणायच्या की एकाच खेपेत चार, आणि तसं केल्यावर त्याचे पैसे कापले जाणार नाहीत ना. फेऱ्या एकत्र करून वाचलेला पैसा सगळा कंपनीच्या खिशात गेला आणि रायडरची कमाई घटली, तर त्या हिरव्या योजनेला आमचा पाठिंबा नाही.

त्याची गाडी विजेवर आली तर? इथे नेहमीचा प्रश्न येतो: वीज तर कोळशाचीच, मग फायदा काय? फायदा आहे. आपल्या देशातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते हे खरं, आणि ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. पण विजेची दुचाकी एका युनिटमध्ये तीस-एक किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरमागे २३-२५ ग्रॅम, पेट्रोलच्या निम्मे. शिवाय जो काही धूर आहे तो गल्लीत, तुमच्या नाकाखाली निघत नाही. अर्थात त्याचा अर्थ तो चंद्रपूरच्या लोकांच्या नाकाखाली निघतो, हेही खरं. म्हणून गाडी विजेची हवी आणि फेऱ्याही कमी हव्यात. एक केलं म्हणजे दुसऱ्यातून सुटका नाही. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, लायसन्स न लागणाऱ्या छोट्या ई-बाइकवर डिलिव्हरी करणारे रायडर आता मुंबईत सर्रास दिसतात. दोन किलोमीटरसाठी त्याहून मोठी गाडी लागतेच कशाला?

सरकारी कागदावर यातलं बरंच आधीच लिहिलेलं आहे. महाराष्ट्राच्या २०२१च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि तेव्हाचं औरंगाबाद या पाच शहरांत २०२५पर्यंत सार्वजनिक वाहतूक आणि शेवटच्या टप्प्यातल्या डिलिव्हरीची २५ टक्के वाहनं विजेवर आणायचं उद्दिष्ट होतं. दिल्लीने २०२३मध्ये त्याही पुढे जाऊन नियमच केला: २५ किंवा त्याहून जास्त गाड्या असलेल्या डिलिव्हरी कंपन्यांना १ एप्रिल २०३०पर्यंत सगळा ताफा विजेवर आणावा लागेल. महाराष्ट्रातल्या शहरांना असा बांधून घालणारा नियम का नको? उद्दिष्ट चुकलं तर कुणालाच काही होत नाही, नियम मोडला तर नोटीस तरी येते. आणि महापालिकांनी आणखी एक करावं. रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर डार्क स्टोअर उघडलं की त्याच्या वीस-तीस बाइक फुटपाथवर लागतात, म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावरून चालावं लागतं. परवानगी देतानाच गाड्या कुठे लागणार आणि चार्जिंग कुठे होणार, हे विचारायला काय हरकत आहे?

सरकार आणि कंपन्या करतील तेव्हा करतील. कॉलेजात आणि हॉस्टेलवर मात्र तुम्ही उद्यापासून बऱ्याच गोष्टी करू शकता, आणि इथे आकडा मोठा आहे, कारण तीनशे माणसांचा पत्ता एकच आहे. मजल्याचा व्हॉट्सॲप ग्रुप तसाही मीम टाकायला उघडलेला असतोच. 'साडेनऊला ऑर्डर टाकतोय, कुणाला काय हवं?' एवढा एक मेसेज टाका. दहा जणांच्या दहा ऑर्डरी म्हणजे ४० किलोमीटर आणि दोन किलो कार्बन. तेच सामान एका ऑर्डरीत, फार तर दोन खेपांत येतं. डिलिव्हरी चार्ज वाचतो तो वेगळाच, आणि मिनिमम ऑर्डरसाठी नको असलेली चिप्स घ्यावी लागत नाहीत. हिशेब कोण ठेवणार यावरून भांडणं होतील म्हणा. ती यूपीआयवर मिटवा.

कुरिअरच्या पार्सलांसाठी गेटपाशी एक कपाट आणि एक वही, बस. रायडरला मुलगा लेक्चरमधून बाहेर यायची वाट बघत थांबावं लागत नाही, दुसरी फेरी होत नाही. तिथेच शेजारी पुठ्ठ्यासाठी एक जागा करा. सेलच्या दिवसांत, दसरा-दिवाळीच्या आधी, महिन्याभरात तिथे किती पुठ्ठा साठतो ते एकदा वजन करून बघाच. भंगारवाल्याकडून आलेले पैसे फेस्टच्या फंडात टाका नाहीतर मेसच्या मावशींना द्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. चांगल्या अवस्थेतले खोके आणि बबल रॅप फेकू नका. वर्ष संपताना घरी सामान पाठवायला सगळा हॉस्टेल तेच शोधत फिरतो.

आणि ईव्हीएसचा प्रोजेक्ट! पर्यावरणाचा पेपर सगळ्यांनाच आहे, आणि 'जल प्रदूषण: कारणे व उपाय' हा प्रोजेक्ट सिनियरकडून सिनियरकडे फिरत आपल्यापर्यंत आलेला असतो, मुखपृष्ठ तेवढं नवीन. यंदा ते जुनं पीडीएफ राहू दे. त्याऐवजी एका संध्याकाळी सात ते आठ हॉस्टेलच्या नाहीतर सोसायटीच्या गेटवर उभे राहा. किती रायडर आले, त्यातले किती एकाच डार्क स्टोअरमधून, किती जणांनी एकापेक्षा जास्त ऑर्डरी आणल्या, किती पार्सलं परत गेली. विजेच्या गाड्यांची नंबरप्लेट हिरवी असते, त्या किती दिसल्या ते मोजा. छोट्या ई-बाइकना नंबरप्लेट नसते, त्या वेगळ्या लिहा. वॉचमन काकांना विचारा, कारण गेटवर सगळ्यात जास्त पाहिलंय ते त्यांनी. रायडरला वेळ असेल तर त्याला विचारा, दिवसाला पेट्रोलवर किती जातात. नसेल वेळ तर अडवू नका, त्याचं घड्याळ चालू असतं.

तुमच्या गेटचे आकडे कॉलेजच्या नावासह आमच्याकडे पाठवा. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, जिथून येतील तिथले. पुरेशी गेटं जमली की याच पानावर शहराप्रमाणे छापू, आणि ते कात्रण घेऊन महापालिकेत कुणाला भेटायचं हे तेव्हा मिळून ठरवू.